सर्व्हर हलला तरी कनेक्शन तुटता कामा नये: एज साइट बदलतानाचं एक प्रकरण

आधी सेटअप सांगतो, तो डोक्यात बसला नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एक लांबून चालवली जाणारी गाडी आहे, तिच्यावर फाइव्ह-जी मोडेम, कॅमेरे आणि एक सीलबंद कंट्रोलर. हा कंट्रोलर गाडी सुरू झाली की एज सर्व्हरशी, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या कडेला गाडीच्या जवळ ठेवलेल्या सर्व्हरशी, एक टीसीपी कनेक्शन (हरवलेलं परत पाठवून सगळं क्रमाने पोचवणारं) उघडतो, त्याच्यावर टीएलएस १.३ हा एन्क्रिप्शनचा थर, आणि गाडी बंद होईपर्यंत तेच एक कनेक्शन वापरत बसतो. व्हिडिओ वेगळा यूडीपीवरून (हरवलं ते हरवलं म्हणणाऱ्या प्रोटोकॉलवरून) जातो, त्याचं टेन्शन नाही, दोनचार फ्रेम पडल्या तरी चालून जातं. पण कमांड, समोरच्या अडथळ्यांची यादी, मी जिवंत आहे सांगणारे हार्टबीट हे सगळं त्या टीसीपीवरच. कनेक्शन तुटलं की गाडी सुरक्षिततेसाठी जागच्या जागी उभी राहते आणि परत सुरू करायला माणूस लागतो. तसंच असायला पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असेल तर दुसऱ्या अटीबद्दल: कंट्रोलरच्या फर्मवेअरला हात लावायचा नाही. ते सर्टिफाय झालेलं आहे, एक ओळ बदलली की सगळी तपासणी पहिल्यापासून.

नेटवर्कच्या बाजूला दोन एज साइट, त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्हीकडे तोच ॲप्लिकेशन सर्व्हर कंटेनरमधे चालतो. फोनचा (इथे गाडीचा) आयपी पत्ता मधल्या मोठ्या यूपीएफवर (फाइव्ह-जीमधे डेटाची पॅकेट पुढे नेणाऱ्या गेटवेवर) बांधलेला आहे, तो गाडी कुठेही गेली तरी बदलत नाही, स्पेकच्या भाषेत एसएससी मोड १. प्रत्येक एज साइटजवळ एक छोटा लोकल यूपीएफ, आणि वाटेत अपलिंक क्लासिफायर, जो पॅकेटचा जायचा पत्ता बघतो आणि एज सर्व्हरचं ट्रॅफिक लोकल यूपीएफकडे वळवतो, बाकीचं मधे पाठवतो. गाडी अ च्या भागातून ब च्या भागात गेली की एसएमएफ (सेशन आणि त्यांच्या वाटा सांभाळणारा नेटवर्कचा भाग) नवीन क्लासिफायर आणि नवीन लोकल यूपीएफ लावतो. गाडीला यातलं काही कळत नाही. इथपर्यंत सगळं ठीक, मोबाइल नेटवर्क इतकी वर्षं जे करत आलंय तेच हे: हलणाऱ्या टोकाला सांभाळणं. आता दुसरं टोक पण हलणार आणि तिथेच घोडं पेंड खातं.

पहिला प्रश्न कोणीही विचारेल आणि विचारायलाच पाहिजे, की सर्व्हर हलवायचाच कशाला? गाडी ब च्या भागात गेली, मग अ वरचाच सर्व्हर वापरत राहू दे की. फायबरमधे प्रकाश साधारण २०० किलोमीटर एका मिलिसेकंदात जातो, म्हणजे दोन साइट १०० किलोमीटर लांब असल्या तरी जाऊन येऊन १ मिलिसेकंदच वाढतो. नुसत्या अंतरासाठी एवढा खटाटोप करू नये हे माझं स्पष्ट मत आहे. अंतराने बजेट मोडत नाही, बजेट मोडतं ते मधल्या ॲग्रिगेशन लिंकवर रांग लागली की, आणि ती रांग नेमकी गर्दीच्या वेळी लागते. फाइव्ह-जीच्या टेबलात रिअल टाइम गेमिंग आणि गाड्यांच्या मेसेजसाठी जो ५क्यूआय ३ (ट्रॅफिकला कसली सेवा द्यायची त्याचा नंबर) आहे त्याचं पॅकेट डिले बजेट ५० मिलिसेकंद, आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीसारख्या कामाच्या ५क्यूआय ८० चं फक्त १०. पन्नासवाल्याला अ वरच राहिलं तरी चालेल, दहावाल्याला भरलेल्या लिंकवरून वळसा घेणं परवडत नाही. शिवाय अजून एक साधं कारण आहे ज्याच्याबद्दल पेपरात फार कोणी लिहीत नाही: साइट मेंटेनन्सला घ्यायची असते. तेव्हा लेटन्सीचा प्रश्नच नसतो, सर्व्हर हलवावाच लागतो.

पहिल्या सेटअपमधे दोन्ही साइटवर सर्व्हरला एकच आयपी पत्ता दिला होता, म्हणजे एनीकास्ट. कल्पना वाईट नव्हती, गाडी कुठेही असो पत्ता तोच, जवळचा लोकल यूपीएफ जवळच्या सर्व्हरकडे नेतो, काही बदलायला नको. वेबसाइटसाठी हे मस्त चालतं कारण तिथे रिक्वेस्ट छोट्या असतात, तुटली तर ब्राउझर परत उघडतो. इथे गाडीने सीमा ओलांडली, नवीन लोकल यूपीएफ लागला आणि गाडी उभी राहिली. प्रत्येक वेळी.

कॅप्चर (वाटेतल्या पॅकेटची नोंद) उघडून बघितलं तर त्यात फार काही नव्हतंच. गाडीकडून एक डेटा पॅकेट, पुश आणि अ‍ॅक फ्लॅगवालं (म्हणजे नवा डेटा आणि आधीच्याची पोच), आणि त्याच्या पाठोपाठ ब कडून एक रिसेट, म्हणजे कनेक्शन तिथल्या तिथे तोडणारं पॅकेट. बास. ब च्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) दोन पत्ते आणि दोन पोर्ट या चौकडीचा कुठला सॉकेट, म्हणजे उघडं कनेक्शन, सापडला नाही, आणि अनोळखी पॅकेट आलं तर रिसेट पाठव असा टीसीपीचा नियमच आहे, २०२२ च्या आरएफसी ९२९३ मधे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) पण तो तसाच आहे. गंमत बघा, बाहेरच्या कोणी अंदाजाने खोटे रिसेट मारू नयेत म्हणून आजकाल टीसीपी रिसेटचा सीक्वेन्स नंबर (बाइटचा क्रमांक) अगदी तंतोतंत जुळला तरच मानतो. पण ब ने पाठवलेला रिसेट जुळतोच, कारण तो नंबर आलेल्या पॅकेटच्याच अ‍ॅक फील्डमधून उचलायचा असतो आणि गाडीने तिथे स्वतःला पुढे कुठला बाइट हवाय तेच लिहिलेलं असतं. म्हणजे ब ला कनेक्शनची काडीची माहिती नाही, तरी त्याने पाठवलेला रिसेट शंभर टक्के खरा ठरतो.

दुसऱ्या प्रकारचं मरण याच्या बरोब्बर उलट. अ साइट मेंटेनन्सला घेतली, पत्ताच नाहीसा झाला, तर रिसेट पाठवायलाही कोणी नाही. मग गाडीचा टीसीपी आशेवर बसतो, परत पाठवतो, दुप्पट थांबतो, परत पाठवतो. लिनक्समधे हे डिफॉल्टला १५ वेळा चालतं आणि कर्नलच्या कागदपत्रात त्याचा हिशोब ९२४.६ सेकंद दिलाय, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर. अर्थात आपल्या गाडीचा हार्टबीट त्याच्या खूप आधी सुटतो म्हणून ती थांबते, पण ज्यांच्या ॲपमधे हार्टबीट नाही त्यांचं काय होतं याचा विचार करा, वर सगळं कनेक्टेड दाखवतंय आणि खाली कोणी नाही.

आता पर्याय. प्रत्येक मीटिंगमधे कोणीतरी टीसीपीऐवजी वापरायच्या क्विक प्रोटोकॉलचं नाव काढतं, की त्यात कनेक्शन आयडी असतो, पत्ता बदलला तरी कनेक्शन टिकतं, मग प्रश्न काय. टिकतं हे खरं, पण क्लायंटचा पत्ता बदलला तर. २०२१ च्या आरएफसी ९००० मधे सरळ लिहिलंय की मधेच सर्व्हरचा पत्ता बदलणं या व्हर्जनमधे नाही. एक प्रिफर्ड अ‍ॅड्रेस नावाचा पॅरामीटर आहे, पण तो हँडशेकमधे, म्हणजे कनेक्शन उघडताना, एकदाच सांगायचा, की बाबा रे आता इथून पुढे या पत्त्यावर ये. तासाभराने सर्व्हर हलला तर त्याचा उपयोग शून्य. एकाच कनेक्शनला अनेक वाटा देणाऱ्या मल्टिपाथ टीसीपीमधे (आरएफसी ८६८४, २०२०) सर्व्हर नवीन पत्ता जाहीर करू शकतो आणि क्लायंट त्यावर नवा सबफ्लो उघडू शकतो, पण मागची कनेक्शनची स्टेट (कुठपर्यंत काय पोचलं, रांगेत काय आहे ही सगळी स्थिती) ब वर न्यायची ती न्यावीच लागते, आणि दोन्ही टोकांना मल्टिपाथ लागतो. एसएससी मोड ३ मधे जुना सेशन सोडायच्या आधी नवीन मिळतो, पण त्यात फोनचाच पत्ता बदलतो, म्हणजे आपल्या कनेक्शनला अजून एक धक्का. मोबाइल नेटवर्कची स्पेक ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या टीएस २३.५५८ मधे ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट हलवायची सगळी साग्रसंगीत पद्धत आहे, तिच्या बऱ्याचशा वाटा फोनमधल्या एज एनेबलर क्लायंट नावाच्या सॉफ्टवेअरवरून जातात.

खरं सांगायचं तर क्लायंटला हात लावता येत असेल तर यातलं काही करू नका. सेशन आयडी ठेवा, ब वर नवीन कनेक्शन आधीच उघडून ठेवा, शेवटचा कुठला मेसेज पोचला तो नंबर सांगा आणि तिथून पुढे चालू करा. टीसीपी कनेक्शन ही काही जपून ठेवायची वस्तू नाही, जपायचा असतो तो वरचा संवाद. पण इथे कंट्रोलर सीलबंद. तो डीएनएस एकदाच विचारतो, पत्ता लक्षात ठेवतो आणि त्याच चौकडीला धरून बसतो. त्यामुळे जे काही करायचं ते नेटवर्क आणि सर्व्हर यांनी, गाडीच्या नकळत.

एनीकास्ट ठेवूनच, फक्त स्टेट वेळेवर हलवली तर काम होईल असं आधी वाटत होतं आणि ते होतही होतं, पण ब साइट भरलेली असली की गाडं अडायचं. गाडी ब च्या रेडिओवर आली, ब वर जागा नाही, म्हणून या गाडीचं ट्रॅफिक अ कडेच जात राहायला पाहिजे, पण दोन्हीकडे पत्ता एकच, मग अ कडे जा हे राउटिंगला सांगणार कसं? प्रत्येक गाडीसाठी टनेल टाकत बसायचं. म्हणून एनीकास्ट सोडलं आणि थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मधली, टीएस २३.५४८ वाली पत्ता बदलायची सोय घेतली. तिच्यात अ आणि ब ला वेगवेगळे पत्ते असतात, गाडी मरेपर्यंत अ च्याच पत्त्यावर पाठवत राहते, आणि ब चा लोकल यूपीएफ जाणाऱ्या पॅकेटवरचा अ चा पत्ता आणि पोर्ट खोडून ब चा घालतो, येणाऱ्या पॅकेटवर उलटं करतो. हे नियम एकेका सेशनपुरते. टीएलएसला याचा फरक पडत नाही कारण तो आयपी पत्त्याशी बांधलेला नसतो, सर्टिफिकेटवर नाव असतं आणि ते दोन्हीकडे एकच आहे. अट एवढीच की मधे कुठे गाडीचा पत्ता बदलणारं एनएटी नको, नाहीतर अ ने बघितलेली चौकडी आणि ब ने बघितलेली चौकडी वेगळी निघते.

म्हणजे आता तीन गोष्टी हलवायच्या: वाट, पत्ता आणि स्टेट. तिन्हीसाठी हत्यारं तयार आहेत, नवीन शोध लावायचा नाहीये. सगळा खेळ कुठली आधी आणि कुठली नंतर याचा आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात नेमकं हेच दोन ओळीत उरकलेलं असतं.

स्टेट आधी घेऊ. लिनक्समधे ३.५ व्हर्जनपासून, म्हणजे २०१२ पासून, टीसीपी रिपेअर नावाचा सॉकेट ऑप्शन आहे, कंटेनर गोठवून दुसरीकडे उठवणाऱ्या क्रियू या टूलसाठीच तो आला. सॉकेट रिपेअर मोडमधे टाकला की त्याचे दोन्ही दिशांचे सीक्वेन्स नंबर वाचता येतात, पाठवायच्या आणि आलेल्या रांगेतला डेटा काढता येतो, विंडो वाचता येते, आणि मुख्य म्हणजे तो बंद केला तर फिन (कनेक्शन संपल्याचा निरोप) किंवा रिसेट काहीच जात नाही, गपचूप मरतो. ब वर उलटा प्रवास: नवीन सॉकेट, रिपेअर मोड, नंबर भरा, रांगा भरा, हँडशेकमधे ठरलेले एमएसएस, विंडो स्केल, सॅक हे ऑप्शन भरा, आणि हँडशेक न करताच कनेक्टेड. इथे लोकल पत्ता म्हणून ब चा स्वतःचा पत्ता द्यायचा, कारण यूपीएफ पॅकेटवर तोच लिहून देणार आहे. क्रियू आपणहून जुनाच पत्ता लावायला बघतं, म्हणून आख्खा कंटेनर क्रियूने उचलण्यापेक्षा ब वर ॲप आधीच गरम करून ठेवणं आणि फक्त सॉकेट आणि त्या गाडीपुरती ॲपची स्टेट नेणं बरं पडलं. आख्खं मशीनच न्यायची पद्धत जुनी आहे, २००५ मधे झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालता क्वेक ३ चा गेम सर्व्हर ६० मिलिसेकंदांच्या थांब्यात हलवून दाखवला होता, पण ते एकाच लॅनमधे होतं, हललेल्या मशीनने एक एआरपी (हा पत्ता आता इथे आहे असा लॅनमधला निरोप) ओरडून सांगितला की काम झालं. आपल्याकडे दोन साइटच्या मधे राउटिंग आहे, तिथे ओरडून कोणाला ऐकू जाणार.

एक बारीक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे कारण ती कळायला वेळ लागतो. ब वर सॉकेट नीट उभा राहिला, रिसेट नाही, एरर नाही, गाडीचे पॅकेट येतायत, ब उत्तरं पाठवतोय, आणि गाडी मात्र ती उत्तरं वाचतच नाही. कॅप्चरमधे सीक्वेन्स नंबर बरोबर, अ‍ॅक बरोबर, चेकसम बरोबर. कारण निघालं टीसीपी टाइमस्टँपमधे. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याच्या घड्याळाचा एक आकडा जातो आणि घेणारा शेवटचा आकडा लक्षात ठेवतो, त्याच्यापेक्षा लहान आला तर जुनं भरकटलेलं पॅकेट समजून टाकून देतो. या तपासणीचं नाव पॉज. अ आणि ब च्या या घड्याळांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ब चा आकडा अ पेक्षा लहान निघाला की ब ची सगळी उत्तरं गाडीसाठी कालची शिळी. आणि मोठा निघाला तर सगळं चालतं! म्हणजे अ वरून ब वर जाताना मरतंय आणि ब वरून अ वर येताना चालतंय असा भुताटकी प्रकार. उपाय सोपा आहे, रिपेअर मोडमधे टाइमस्टँपचा आकडा पण वाचायचा आणि ब वर भरायचा, त्याला वेगळा ऑप्शन आहे. पण तो विसरला तर कोणी ओरडत नाही. कंजेशन विंडो (एका वेळी किती डेटा सोडायचा ती मर्यादा) मात्र परत मिळत नाही, ब पहिल्यापासून सुरुवात करतो, साधारण दहा सेगमेंटने. आपल्या कमांड छोट्या असल्यामुळे ते जाणवत नाही, मोठा डेटा ढकलणाऱ्याला थोडा वेळ स्पीड पडलेला दिसेल.

आता क्रम. नेटवर्कने स्वतःहून वाट बदलली आणि नंतर सर्व्हरला सांगितलं तर काय होतं ते एनीकास्टमधे बघितलंच. म्हणून ॲप्लिकेशन फंक्शन, एएफ, म्हणजे ॲपच्या वतीने नेटवर्कशी बोलणारा भाग, एसएमएफकडे नाव नोंदवून ठेवतो की वाट बदलायची असेल तर मला विचार. याचे दोन प्रकार आहेत, अर्ली म्हणजे नवीन वाट आखायच्या आधी आणि लेट म्हणजे नवीन वाट चालू करायच्या आधी, आणि एएफचं उत्तर येईपर्यंत थांब असंही सांगता येतं. अर्लीवर टीमने ॲपची जड स्टेट, म्हणजे अडथळ्यांचा नकाशा वगैरे, अ वरून ब वर कॉपी करायला लावली, अ चालूच आहे, काही थांबलेलं नाही. खरा निर्णय लेटच्या वेळी.

साधं डोकं चालवलं तर वाटतं की आधी अ गोठवा, स्टेट ब वर न्या, ब उठला की मग वाट बदला. यात दोन ठिकाणी मार बसतो. एक, अ गोठल्यावर आणि वाट बदलायच्या आधी जे पॅकेट अ कडे येतात ते वाया जातात, मग ते गाडीने परत पाठवायची वाट बघायची. आणि परत पाठवणं कधी होतं? लिनक्समधे रिट्रान्समिटचा टायमर कमीत कमी २०० मिलिसेकंदांचा, मग दुप्पट दुप्पट. म्हणजे साधारण ०.२, ०.६, १.४ आणि ३ सेकंदांवर प्रयत्न होणार. सगळी हलवाहलव दीड सेकंदात संपली तरी गाडीचा पुढचा प्रयत्न तिसऱ्या सेकंदाला, मधला दीड सेकंद सगळं तयार असून दोघं एकमेकांकडे बघत बसलेत. दोन, एसएमएफ ताटकळत राहतो आणि रेडिओवर गाडी तर पुढे गेलेली असते.

म्हणून उलटं केलं. आधी वाट. पाटाचं पाणी नवीन शेतात सोडायचं तर आधी बांध घालून अडवतात तसं: एएफ हो म्हणतो पण बफर कर असं सांगतो, एसएमएफ गाडीची अपलिंक वाट ब च्या लोकल यूपीएफकडे वळवतो आणि तो यूपीएफ पॅकेट पुढे न सोडता धरून ठेवतो. ही बफरिंगची सोय पण टीएस २३.५४८ मधेच आहे. त्याच वेळी अ अजून जिवंत आहे, वाटेत असलेली शेवटची पॅकेट जुन्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचतात, तो त्यांना अ‍ॅक देतो, तेही जुन्या वाटेने जातं, दोन्ही लोकल यूपीएफ थोडा वेळ एकत्र चालू ठेवता येतात. शेपूट संपली की मग अ गोठवायचा, स्टेट ब वर, ब चा सॉकेट उभा, आणि एएफने सांगायचं की बांध फोड. धरलेली पॅकेट एकदम ब वर येतात, ब अ‍ॅक देतो, गाडीचा टायमर वाजायच्या आधी हे झालं तर गाडीच्या दृष्टीने काही घडलंच नाही. टार्गेट त्यामुळे कुठून तरी हवेतून काढायची गरज नाही पडली, गोठवल्यापासून बांध फुटेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आत. चुकून थोडं जास्त झालं तरी बफरमधली पॅकेट टायमरची वाट बघत नाहीत, बफरिंगचा खरा फायदा हाच, पॅकेट वाचणं हा नंतरचा.

ब वर एक काळजी घ्यावीच लागते. सॉकेट उभा करायला सुरुवात करायच्या आधी त्या चौकडीसाठी फायरवॉलमधे ड्रॉपचा नियम घालायचा, आणि सॉकेट पूर्ण झाल्यावरच काढायचा. बफर आहे ना मग कशाला, असं म्हणून हे गाळू नका, कारण एक जरी चुकार पॅकेट अर्धवट अवस्थेत ब च्या कर्नलपर्यंत पोचलं की परत तोच रिसेट. क्रियू पण नेटवर्क आधी कुलूपबंद करतं ते याच्यासाठीच. आणि ब साइटवर वेगळा फायरवॉल डबा असेल तर तोही तपासा. लिनक्सचा कॉनट्रॅक (कनेक्शनची नोंद ठेवणारा भाग) डिफॉल्टला मधूनच आलेलं कनेक्शन उचलून घेतो, पण सिन, म्हणजे कनेक्शन उघडणारं पहिलं पॅकेट, न बघितलेलं कनेक्शन अवैध म्हणून टाकणारे डबे भरपूर आहेत.

टीएलएसचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण तिथे चूक झाली तर नुसती गाडी थांबत नाही. चाव्या ब ला द्याव्या लागतात, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही दिशांचे रेकॉर्ड नंबर. कर्नलमधला टीएलएस वापरला तर हे बऱ्यापैकी सरळ आहे, चावी आणि रेकॉर्ड नंबर सॉकेट ऑप्शनने देता येतात. आता धोका बघा. टीएलएस १.३ मधे प्रत्येक रेकॉर्डचा नॉन्स (एका चावीबरोबर एकदाच वापरायचा आकडा) हा एक ठरलेली व्हॅल्यू आणि तो रेकॉर्ड नंबर यांच्यापासून बनतो. समजा अ ने चाव्या ब ला दिल्या, ब चं मिळालं हे उत्तर वाटेत हरवलं, अ ला वाटलं ट्रान्सफर फसली आणि तो परत जिवंत झाला. आता दोन सर्व्हर एकाच चावीने, एकाच नंबरपासून, वेगवेगळा मजकूर पाठवतायत. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीमधे एकाच चावीवर नॉन्स परत वापरला गेला की दोन्ही मजकुरांबद्दल माहिती फुटते आणि खोटे मेसेज बनवायचा रस्ता मोकळा होतो. आणि क्रिप्टो बाजूला ठेवलं तरी एका गाडीला दोन ठिकाणांहून कमांड हा विचारच नको.

मिळालं की नाही हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी पक्कं कळेल असा काही प्रोटोकॉल हरवणाऱ्या लिंकवर बनत नाही, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथे एकतर्फी नियम घातला: अ ने चाव्यांचं पॅकेट बाहेर सोडलं की अ त्या कनेक्शनसाठी मेला, त्याच्या प्रतीतली चावी पुसायची, काहीही झालं तरी परत उठायचं नाही. ब उठला तर उत्तम, नाही उठला तर कनेक्शन तुटलं, गाडी थांबली, माणसाने सुरू करावी. यावर बरीच वादावादी झाली, की आपण तुटू नये म्हणून एवढं केलं आणि शेवटी तुटण्याचीच परवानगी देतोय. पण तुटणं परवडतं, दोन मालक परवडत नाहीत. चावी सोडायच्या आधीपर्यंत मात्र अ ला कधीही माघार घेता येते, तेव्हा एएफ नाही म्हणतो, वाट परत जुनी, बफरमधलं जे असेल ते गाडी परत पाठवेल. म्हणून चावी सगळ्यात शेवटी द्यायची, नकाशा, रांगा, नंबर सगळं ब ला पोचल्याची खात्री झाल्यावर.

आता राहिलेली खरखर. गाडी सीमेवरच मागेपुढे करत असेल तर दर वेळी सर्व्हर हलवणं हा शुद्ध वेडेपणा, म्हणून रेडिओ बदलला म्हणून लगेच सर्व्हर हलवत नाहीत, अ वर राहून लेटन्सी बजेटच्या बाहेर जातेय का आणि ती थोडा वेळ बाहेरच राहतेय का हे बघून मगच. पुढे तिसऱ्या साइटवर, क वर, जायची वेळ आली की यूपीएफमधला नियम ब चा पत्ता बदलून क असा घालायचा नसतो, अ चा बदलून क असा घालायचा, कारण गाडी अजून अ शीच बोलतेय असं समजतेय, ब तिने कधी ऐकलेलाच नाही. हे ऐकायला उघड वाटतं, पण एएफच्या कोडमधे मागची साइट आणि मूळ साइट हे दोन वेगळे फील्ड नसतील तर पहिली उडी नीट होते आणि दुसरीत सगळं पडतं.

आणि अ च्या पत्त्याचं काय करायचं? सर्व्हर कधीच निघून गेला, पण लोकल यूपीएफ रीस्टार्ट झाला आणि पत्ता बदलायचा नियम क्षणभर नसला, तर गाडीचं पॅकेट थेट खऱ्या अ वर येतं आणि अ चा कर्नल इमानेइतबारे रिसेट पाठवतो, तोही तंतोतंत जुळणारा. त्यामुळे निघून गेलेल्या प्रत्येक कनेक्शनच्या चौकडीसाठी अ वर पण ड्रॉपचा नियम ठेवलाय, गाडीचं सेशन संपल्याचं एसएमएफकडून कळेपर्यंत तो काढत नाहीत, आणि अ मेंटेनन्सला जाते तेव्हा तो पत्ता दुसऱ्या कुठल्या मशीनला द्यायचा नाही असं ऑप्सच्या चेकलिस्टमधे टाकलंय.